‘इथे काय कमी आहे?’

तीर्थरूप आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, “इथे काय कमी आहे?” आणि मी उत्तर न देता उठून गेले. आई, तू तर काहीच विचारलं नाहीस, नुसती माझी रिकामी बॅग उघडून बघत बसलीस. ते जास्त लागलं. परदेशातल्या नोकरीच्या करारावर सही झाली आहे, तिकीट काढलं आहे, हे तुम्हाला माहीत आहे आणि आता त्यात बदल होणार नाही. पण रोज इतरांचे परदेशी जाण्याचे अर्ज तपासणाऱ्या, त्यांचे कागद लावून देणाऱ्या मला घरात मात्र चार वाक्यं नीट बोलता आली नाहीत, हे मनाला खातंय. म्हणून लिहिते. चष्मा लावून वाचा, आणि एका बैठकीत झालं नाही तर दोन बैठकींत वाचा.

बाबा, कमी काहीच नाही. पण माणूस देश सोडतो तो काहीतरी कमी पडतं म्हणूनच, असं तुम्ही धरून चालला आहात. बहुतेक सगळेच तसं धरतात. तसं असतं तर जगातल्या सर्वांत गरीब भागांतून सर्वांत जास्त माणसं बाहेर पडली असती. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जन्मदेश सोडून दुसऱ्या देशात राहणारी माणसं सुमारे 30 कोटी 40 लाख होती, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या 3.7 टक्के. 1990 मध्ये हे प्रमाण 2.9 टक्के होतं. शंभरातली शहाण्णव माणसं आपल्याच देशात राहतात, आणि कमालीची गरिबी सोसणारे बहुतेक लोक या शहाण्णवांतच असतात. कारण जायलाही भांडवल लागतं. पासपोर्ट, भाषेची परीक्षा, वैद्यकीय तपासणी, तिकीट, तिथले पहिले काही महिने, आणि हे सगळं कुठे नि कसं करायचं याची माहिती. म्हणूनच एखाद्या गरीब देशाचं उत्पन्न वाढू लागलं की बाहेर जाणाऱ्यांची संख्या आधी वाढते. शिकलेली तरुण मुलं वाढतात, शिक्षणाला साजेसं काम सगळ्यांना मिळत नाही, आणि निघण्याचा खर्च आता आवाक्यात आलेला असतो. दरडोई उत्पन्न, क्रयशक्तीच्या हिशेबाने (म्हणजे त्या त्या देशातल्या किमती धरून), साधारण 10,000 डॉलरच्या पुढे गेल्यावरच हा ओघ ओसरू लागतो, असं अनेक देशांच्या आकड्यांवरून दिसतं.

तेव्हा तुमचं कुठे चुकलं, हे शोधत बसू नका. तुम्ही शिकवलंत, फी वेळेवर भरलीत, म्हणून मला निघता येतंय. हे वाचून तुम्हाला बरं वाटेल की वाईट, मला कळत नाही. पण खरं हेच आहे.

काका त्या दिवशी “पळून चालली” म्हणाले. त्यांचा राग मी समजू शकते, पण तो शब्द आपण घरात वापरायला नको. पळावं लागणारी माणसं वेगळी, आणि त्यांच्या दुःखाशी माझ्या निर्णयाची बरोबरी केली तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. 1951 च्या निर्वासितविषयक कराराने पाच कारणं धरली आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. यांपैकी एखाद्या कारणाने छळ होण्याची रास्त भीती असेल आणि आपलं सरकार संरक्षण देत नसेल किंवा देऊ शकत नसेल, तर देशाबाहेर पडलेल्या माणसाला निर्वासित म्हणतात. 2024 च्या अखेरीस छळ, युद्ध आणि हिंसाचारामुळे घर सुटलेली माणसं 12 कोटी 32 लाख होती, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक स्वतःच्या देशातच विस्थापित होती. सीमा ओलांडलेल्यांपैकी बहुतेक जण शेजारच्याच देशात थांबतात, कारण घर परत दिसेल इतक्या जवळ राहायचं असतं आणि पुढे जायला पैसा नसतो. त्यांना बॅग भरायला वेळ मिळत नाही. मला दोन महिने मिळाले, आणि त्यांतला एक तुम्हाला कसं सांगू या विचारात गेला.

मग माझ्यासारखे का जातात? पगारातलं अंतर हे मोठं कारण आहे, ते मी लपवत नाही. तेच शिक्षण, तेच हात, तेच आठ तास. नुसती सीमा ओलांडली की त्याच कामाचं मोल कितीतरी पट होतं. पण नुसता पगाराचा आकडा बघून निघणारा फसतो. हॅरिस आणि टोडारो या अर्थतज्ज्ञांनी 1970 मध्ये हे फार नेमकं मांडलं. त्यांनी ते खेड्यातून शहरात येणाऱ्यांबद्दल लिहिलं होतं, पण देश सोडणाऱ्यांनाही तितकंच लागू पडतं. माणूस पगाराला तो मिळण्याच्या शक्यतेने गुणून बघतो. पगार तिप्पट असला आणि काम मिळण्याची शक्यता तिघांत एकाची असली, तर हिशेब तिथल्या तिथेच राहिला, आणि वर प्रवासखर्च अंगावर. ‘आधी जाऊ, मग काम शोधू’ म्हणणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं. मी काम हातात घेऊन चालले आहे, बाबा. तुम्ही शिकवलेलंच आहे, जमिनीला पाय लागल्याशिवाय काठ सोडायचा नाही.

आत्याच्या दिरांची परदेशी नोकरीत जी फसवणूक झाली ती तुमच्या डोक्यात आहे, हे मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. आई तर त्यांचं नावही घेत नाही, नुसती माझ्याकडे बघते. म्हणून जरा तपशिलाने सांगते. अशा प्रकरणांत बहुतेक वेळा तीनच गोष्टी घडलेल्या असतात. पहिली, नोकरी लावून देण्यासाठी कामगाराकडूनच मोठी रक्कम घेतली जाते. ती कर्ज काढून दिलेली असते, आणि मग काम कितीही वाईट निघालं तरी कर्ज फिटेपर्यंत सोडता येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या खासगी रोजगार संस्थांबद्दलच्या कराराचं मूळ तत्त्व हेच आहे, की भरतीचा खर्च कामगाराच्या माथी मारायचा नाही. माझ्याकडून कोणी पैसे घेतलेले नाहीत. दुसरी, निघताना एक करार दाखवतात आणि पोहोचल्यावर कमी पगाराचा, वेगळ्या कामाचा दुसरा करार पुढे करतात. माझ्या कराराची प्रत आणि तिथे काम करण्याच्या परवान्यावर लिहिलेला हुद्दा, पगार आणि कामाचे तास मी ओळ न ओळ ताडून बघितले आहेत. तिसरी, पोहोचताच पासपोर्ट ‘जपून ठेवायला’ काढून घेतात. माझा पासपोर्ट माझ्याजवळच राहील, आणि त्याच्या प्रत्येक पानाची प्रत तुमच्या कपाटात निळ्या फाइलमध्ये आहे. दिरांचा दोष एवढाच होता की त्यांना हे सांगणारं कोणी नव्हतं.

आता बाबा, तुमचं दुसरं म्हणणं. तुम्ही ते थेट बोलला नाहीत, पण ताईला म्हणालात: “एकटीचं बघते.” ते मला फार दिवस टोचलं. 1985 मध्ये स्टार्क आणि ब्लूम या अर्थतज्ज्ञांनी जे मांडलं त्याने स्थलांतराच्या अभ्यासाची दिशाच बदलली. त्यांच्या मते स्थलांतराचा निर्णय बहुधा एकट्याचा नसतो, घराचा असतो. घराचं सगळं उत्पन्न एकाच ठिकाणाहून येत असेल तर तिथे मंदी आली, महागाई भडकली, एखादा उद्योग बसला, की सगळे एकदम अडचणीत येतात. घरातलं एक माणूस वेगळ्या अर्थव्यवस्थेत कमावत असलं तर तो घराचा विमाच. पुष्कळदा घरी संकट आलं की बाहेरून येणारी रक्कम वाढते. 2023 मध्ये कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत अशा कमावत्यांनी सुमारे 656 अब्ज डॉलर घरी पाठवले, त्या देशांना मिळालेल्या विकास मदतीपेक्षा कितीतरी जास्त. तुमचं निवृत्तिवेतन आणि ताईचा पगार ज्या धक्क्याने हलेल, त्याच धक्क्याने माझा पगार हलणार नाही. मी हे एकटीचं बघत नाहीये. पण तुम्हाला न विचारता घराच्या वतीने ठरवलं, एवढी चूक माझी आहे, आणि ती मी मान्य करते.

पैशांवरून आठवलं. मी दर महिन्याला पाठवणार नाही, दोन महिन्यांनी एकदा पाठवेन, तेव्हा पहिल्या महिन्यात काही आलं नाही म्हणून घाबरू नका. दर वेळी ठरावीक शुल्क लागतं, त्यामुळे छोट्या रकमा वरचेवर पाठवल्या की जास्त कापले जातात. 200 डॉलर पाठवायचा जगातला सरासरी खर्च अजून सहा टक्क्यांच्या वर आहे. 2030 पर्यंत तो तीन टक्क्यांखाली आणायचं उद्दिष्ट आहे. ‘शुल्क शून्य’ अशी जाहिरात असली तरी कमाई विनिमय दरात दडलेली असते. म्हणून मी शेवटी तुमच्या हातात किती पडतात, तेवढंच बघून पाठवेन. आणि ते पैसे वापरायचे, आई. पाकिटात घालून माझ्यासाठी ठेवायचे नाहीत.

सगळ्यात अवघड भाग आता. जायची ओढ नुसती इकडून नसते, तिकडूनही माणूस हवं असतं. श्रीमंत देशांत मुलं कमी जन्मतात, माणसं दीर्घायुषी झाली आहेत, आणि वृद्धांना उठवायला, औषधं द्यायला, त्यांच्याशी बोलायला हात पुरत नाहीत. परिचारिका, काळजीवाहक, डॉक्टर या सगळ्यांना मागणी आहे. इतकी, की ज्या देशांत आधीच ते कमी आहेत तिथूनही भरती होऊ लागली. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये अशा भरतीसाठी आचारसंहिता केली. जगातल्या स्थलांतरितांत जवळपास निम्म्या बायका आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी जणी परक्या घरातल्या म्हाताऱ्यांची सेवा करतात. त्यांच्या स्वतःच्या आईबापांकडे तेव्हा दुसरंच कोणीतरी बघत असतं. माझं काम तसं नाही. पण दुसरं कोणीतरी तुमच्याकडे बघणार, हे माझ्याही बाबतीत खरं आहे. ताई आहे, हे उत्तर मी स्वतःला पुन्हा पुन्हा देते, आणि ते अपुरं आहे हे मला कळतं. आई, ताप आला की तू रात्रभर माझ्या कपाळावरच्या पट्ट्या बदलायचीस, आणि डोळा उघडला की तुझा हात तिथेच असायचा. तो हात मी घेतला आणि परत दिला नाही, असं वाटतं कधी कधी.

मग आत्ताच का, दोन वर्षांनी का नाही? वयामुळे. बाहेरून येणाऱ्यांतून कोणाला घ्यायचं हे ठरवायला कॅनडाने 1967 मध्ये गुणांची पद्धत आणली, नंतर इतर काही देशांनीही ती घेतली. शिक्षण, भाषा, अनुभव आणि वय यांना गुण मिळतात. तिथल्या सध्याच्या पद्धतीत विसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षापर्यंत वयाचे पूर्ण गुण असतात, तिशीपासून दरवर्षी ते घटत जातात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य होतात. इतर देशांचे आकडे वेगळे, पण उतार तोच. शिवाय कागदांनाही आयुष्य असतं. भाषेच्या परीक्षेचा निकाल बहुधा दोनच वर्षं चालतो, वैद्यकीय तपासणी आणि पोलिसांचा दाखला त्याहून कमी. एक कागद येईपर्यंत दुसरा शिळा होतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. माझे सगळे कागद यंदा पहिल्यांदाच एकाच वेळी जिवंत आहेत. दोन वर्षं थांबले असते तर दार बंद झालं नसतं, पण बरंच अरुंद झालं असतं.

आणि परत येण्याचं. हे सगळ्यात जास्त लक्ष देऊन वाचा. रॅव्हनस्टाइन हा जर्मनीत जन्मून इंग्लंडात स्थायिक झालेला अभ्यासक. 1885 मध्ये त्याने जनगणनेचे आकडे मांडून दाखवलं, की जाणाऱ्यांच्या प्रत्येक प्रवाहाबरोबर उलट दिशेचाही एक प्रवाह असतो. आजही विकसित देशांत गेलेल्यांपैकी, देशागणिक वेगवेगळे, 20 ते 50 टक्के लोक पाच वर्षांच्या आत तो देश सोडतात. कोणी घरी परततात, कोणी पुढे जातात. माणसं कायमची कधी अडकतात, तर परतीचा रस्ता बंद झाला की. पश्चिम जर्मनीने 1961 पासून तुर्कस्तानातून कामगार आणले, तात्पुरते म्हणून. 1973 मध्ये भरती थांबवली तेव्हा सरकारला वाटलं, आता हळूहळू परत जातील. झालं उलट. एकदा गेलो तर पुन्हा येऊ देणार नाहीत, हे कळल्यावर लोकांनी बायकामुलांनाच तिकडे बोलावून घेतलं. मेक्सिकोतून अमेरिकेत हंगामी कामाला जाऊन घरी परतणाऱ्यांचंही तसंच झालं. सीमेवर पहारा कडक झाला, ओलांडणं महाग आणि जिवावरचं झालं, तसे ते तिकडेच राहू लागले. येण्याजाण्याची मुभा असलेला माणूस घरी येतो, हे इतक्या ठिकाणी दिसलं आहे.

म्हणून मी जास्त पगाराचा तो पहिला देकार सोडला, तुम्हाला आठवत असेल. त्यात पहिली दोन वर्षं बाहेर पडता येत नव्हतं. आत्ताच्या परवान्यावर कितीही वेळा येता-जाता येतं. पुढे तिथे कायम राहण्याचा परवाना मिळाला तर किती दिवस बाहेर राहिलेलं चालतं ते बघावं लागेल. कॅनडात, उदाहरणार्थ, पाच वर्षांत किमान 730 दिवस देशात राहावं लागतं. ते दिवस मी वहीत मांडत जाईन. आणि तुमच्यापैकी कोणाला बरं नसेल तर नियमाचा विचार न करता निघेन, हे मी करारावर सही करण्याआधीच ठरवलं आहे.

आई, माझ्या खोलीला मोठी खिडकी आहे. ऊब येण्याची सोय आहे, दार आतून नीट बंद होतं, कामाची जागा चालत वीस मिनिटांवर. पहिला महिना जरा ओढाताणीचा असतो, कारण बँक खातं उघडायला पत्ता मागते आणि घरमालक पत्ता द्यायला बँकेचं खातं मागतो. कामाच्या ठिकाणचं पत्र दाखवलं की ही गाठ सुटते. ते पत्र घेतलं आहे, आणि पहिला पगार लांबला तरी चालेल म्हणून तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढला आहे. मी वेळेवर जेवेन. झोपेन. तुझी जुनी शाल घेतली आहे, विचारलं नाही, रागावू नकोस.

आता माझं ऐकायचं. बाबा, मुखत्यारपत्रावर सही या आठवड्यातच करा, ताईच्या नावे, बँकेच्या आणि घराच्या कामांपुरती. आपल्या पश्चात ते चालत नाही, म्हणून इच्छापत्र आणि खात्यांवरची नामनिर्देशनं वेगळी करायची. हे लिहिताना हात थांबतो, पण लोकांचं अडलेलं मी रोज बघते. दोघांचे पासपोर्ट आत्ताच नवे करून घ्या. परतीच्या तारखेनंतरही सहा महिने मुदत शिल्लक नसेल तर पुष्कळदा विमानातच चढू देत नाहीत. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आणि जन्मदाखल्यावर अगदी एकच हवं. एका अक्षराने अर्ज महिनोन्‌महिने अडकतात. मला भेटायला याल तेव्हा औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. सामानात टाकायची नाहीत, सामान हरवतं. विमा काढताना आधीपासूनचा रक्तदाब आणि साखर लपवायची नाही, नाहीतर दावा नाकारतात. लांबच्या प्रवासात दर तासा-दोन तासांनी उठून चालायचं, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते.

रक्तदाब मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचा आणि दोन्ही आकडे लिहायचे, चांगला आलेला एकच नाही. गोळी विसरली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. गोळ्यांची यादी, मूळ औषधाच्या नावासकट आणि मात्रेसकट, एक पाकिटात आणि एक फोनच्या मागे. न्हाणीघरात रात्रभर दिवा चालू ठेवायचा, विजेचं बिल मी भरेन.

“तुमच्या मुलीला तिकडे पकडलंय, लगेच पैसे पाठवा,” असा फोन येईल. परदेशात मूल असलेल्या घरांना येतोच. आवाज हुबेहूब माझा असेल, रडत असेल, तरीही फोन ठेवायचा आणि मला माझ्या नंबरवर लावायचा. मी उचलला नाही तर ताईला. आणि आपला परवलीचा शब्द तोच, आजीच्या गायीचं नाव. ते इथे लिहीत नाही.

मी रोज तुमच्या सकाळी फोन करेन, बाबा फिरून आल्यावर. एखाद्या दिवशी नाही आला तर झोपले असेन, एवढंच समजायचं. गुरुवारी रात्री निघायचं आहे. तोवर काकांना घरी बोलवा, मला त्यांच्या पाया पडायचं आहे.

तुमची,
धाकटी